दारात कुऱ्हाड होती

वाडी, ता. मुळशी
९ जून २०२४

सिद्धनाथ यास,

कोंडिबाची गोजराबाई लिहिते. आशीर्वाद लिहीत न्हाई आन शिव्याशापही लिहीत न्हाई. मला एक गोष्ट इचारायची हाय, ती इचारते.

माझ्या अमोलला तू मारलंस. तू ते पोलिसांपुढं कबूल केलंस, दीड वर्ष येरवड्यात बसलायस. त्यावर माझं काही म्हणणं न्हाई. पण का मारलंस ह्याचं जे कारण तू दिलंयस ते खोटं हाय.

परवा सरकारी वकिलांनी मला बोलावून घेतलं. पुढं माझी साक्ष हाय. ते म्हणले, अमोलनं वरच्या माळाला तारेचं कंपाउंड घातलं, तुमची मेंढरं तिथं बसायची बंद झाली, तो दावा मनात धरून तू माळावरच्या पत्र्याच्या खोलीपाशी दबा धरलास आन मागनं घाव घातलास. मी म्हणलं, बरं. घरी आले, भाकरी थापाया बसले, तर हात चालंना.

सिद्धू, मी तिथं आले होते. अॅम्बुलन्सच्या मागोमाग पळत आले. लोक माझ्या तोंडाकडं बघत होते आन मी खोलीकडं बघत होते. दारात कुऱ्हाड आडवी टेकवलेली होती. सकाळी लाकडं फोडून अमोलच्या बापानं, तात्यांनीच ठेवलेली. ती ओलांडल्याबिगर आत जाताच येत न्हाई. ती सोडून तू हातातल्या मेंढराच्या काठीनं मारलंस. घाव एकच. अमोलच्या डोक्याखाली तुझी घोंगडी घडी करून ठेवलेली. तोंड पाण्यानं भिजलेलं. अॅम्बुलन्सला फोन तूच केलेला, आन ती येईस्तोवर तू तिथंच बसलेला.

मी जन्मभर राग बघितलाय. आमच्या भावकीत बांधावरनं जुंपली होती तेव्हा माणूस पडल्यावरही मारत होते, चौघांनी धरलं तरी थांबत नव्हते. दावा धरलेला माणूस काठी टाकून कुऱ्हाड उचलतो. तू उलटं केलंस. ही मारणी दाव्याची न्हाई. मंग कशाची, ते सांग.

तात्यांना हे पत्र ठाऊक न्हाई. त्यांचा आवाज त्या दिवसापासनं गेलाय, रडून रडून घसा बसला तो बसलाच. त्यांना आनखी त्रास नको. तू उत्तर सगुणाबाईच्या गिरणीच्या पत्त्यावर धाड. तिला सांगून ठेवलंय.

गोजराबाई


येरवडा
२७ जून २०२४

गोजराकाकींना सिद्धनाथचा नमस्कार.

तुमचं अक्षर बघून आधी पत्र उघडायचाच धीर झाला नाही. तुम्ही मला लिहाल असं स्वप्नातही नव्हतं.

काकी, मी सांगितलं तेच खरं आहे. आमच्या आज्यापासून मेंढरं तुमच्या माळावर बसायची. लेंडीखत तुमच्या रानाला, चारा आमच्या मेंढरांना, कधी वाद नव्हता. अमोलशेठनं तार ओढली आणि माझं डोकं फिरलं. कुऱ्हाड मला दिसली नाही. एका घावातच ते पडले, म्हणून दुसरा घातला नाही. घोंगडी आणि पाणी, ते मागाहून भान आल्यावर.

वकील सांगतील तशी साक्ष द्या. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तात्यांची काळजी घ्या. आईला भेटलात तर सांगा, मी जेवतो.

सिद्धनाथ


वाडी
१४ जुलै २०२४

सिद्धनाथ यास,

अंबाबाईला भेटले. तू जेवतोस म्हणून सांगितलं. ती म्हणली, तो खोटं बोलतोय, लहानपणापासनं पोटात काही ठेवलं की जेवत न्हाई. मी म्हणलं, मला बी तेच वाटतंय. दोघी एका दगडावर बसलो होतो. ती तुझी आई, मी अमोलची. वाटेनं जाणारे थांबून बघत होते. बघू देत.

आता ऐक. घाव टाळूच्या मागल्या अंगाला, वरनं खाली आलाय. ही माझी कल्पना न्हाई, डॉक्टरांनी कोर्टात सांगितलंय. अमोल केवढा होता तुला ठाऊक हाय. आमच्या घराच्या चौकटीला त्याचं कपाळ लागायचं. तू त्याच्या खांद्याला लागतोस. उभ्या अमोलच्या टाळूवर वरनं काठी मारायला तुला बाजेवर चढावं लागलं असतं.

तर तो उभा नव्हता. खाली होता, आन त्याची तुझ्याकडं पाठ होती. मारेकरी पाठीमागं येतो तरी ज्याला वळून बघायचं सुचत न्हाई, तो माणूस कशात तरी पार बुडालेला असतो.

माझा पोरगा खाली बसून काय करत होता? एवढंच सांग.

गोजराबाई


येरवडा
२ ऑगस्ट २०२४

काकींना नमस्कार.

अमोलशेठ खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. मी मागून आलो. त्यांना ऐकू आलं नाही. एवढंच आहे. तुम्ही उगाच शोधताय.

आईला दगडाधोंड्यावर बसवू नका, तिचे गुडघे दुखतात.

सिद्धनाथ


वाडी
१८ ऑगस्ट २०२४

सिद्धू,

तुला खोटं बोलाया येत न्हाई, हे तुझ्यातलं चांगलंच म्हणायचं. अमोलच्या पायात त्या दिवशी चामडी सँडल होत्या. दवाखान्यातनं माझ्या हातात दिलेल्या. त्यांना नाडी न्हाई.

आता मी माझ्या मनात आलेलं लिहिते. तू कुणाला तरी झाकतोयस. दोन पत्रं झाली, तू सगळा दोष अंगावर घेतोस पण अमोलबद्दल एक वाकडा शब्द लिहीत न्हाईस. ज्याला मारलं त्याला शेठ म्हणतोस. तेव्हा तिथं तिसरं कुणीतरी होतं. अमोल गुडघ्यावर बसून त्याला मारत होता आन तू त्याला सोडवलंस.

ते तिसरं माणूस साधना होती का? सून म्हणून मी तिला कमी बोलले न्हाई, पण अमोल तिच्या अंगावर हात टाकायचा हे मला माहीत हाय. सूसच्या फ्लॅटवर ऱ्हायाला गेली तेव्हा तिच्या दंडावरचा डाग मी बघितला होता आन बघितला न्हाई असं केलं होतं. तिचं नाव निघालं तर लोक तुझ्यासंगं तिला जोडतील, म्हणून तू गप हायस, असं माझं गणित हाय. मी उद्या सूसला जाऊन तिला तोंडावर इचारणार.

गोजराबाई


येरवडा
३० ऑगस्ट २०२४

काकी,

हे पत्र पोचायच्या आत तुम्ही सूसला गेला नसाल अशी आशा आहे. साधनावहिनी तिथं नव्हत्या. आईची शपथ. त्या दिवशी त्या माहेरी होत्या, शंभर माणसांनी त्यांना लग्नात बघितलंय. वहिनींना मी आजवर चारदा बघितलं असेल. त्यांना यात ओढू नका.

आणि आता हात जोडतो, थांबा. मला जी शिक्षा होईल ती होऊ द्या. माणूस मेलाय माझ्या हातून, ते काही खोटं नाही. तुम्ही अशाच खोदत राहिलात तर तुमच्या घरात जे उरलंय तेही राहणार नाही.

यापुढं मला लिहू नका. मी उत्तर देणार नाही.

सिद्धनाथ


वाडी
२२ सप्टेंबर २०२४

सिद्धनाथ यास,

उत्तर देऊ नको. आधी वाच.

मी सूसला गेले होते. साधनानं दार उघडलं, माझं ऐकून घेतलं, आन म्हणली, "आई, मी नव्हते. असते तर मी सांगितलं असतं, मला कुणाची भीती राहिली नाही आता." मला पटलं. मी चुकले होते, तसं तिला म्हणून आले.

मंग तुझं पत्र आलं. घरात जे उरलंय. माझ्या घरात काय उरलंय, सिद्धू? एक मी, आन एक तात्या.

मी गिरणीतच बसून राह्यले. मंग एकेक आठवायला लागलं. तात्या म्हणले होते, मी देवळात होतो. पण त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्या कपाळाला अंगारा नव्हता. थंडीत मफलर गुंडाळला तो उन्हाळा लागला तरी सोडला न्हाई. आन आवाज. माणूस रडून किती दिवस घोगरा ऱ्हाईल?

मी त्यांना काही बोलले न्हाई. म्हणलं, घसा दाखवून येऊ. भूगावला त्या गळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं नळी घालून बघितलं, फोटो काढायला लावला. मंग इचारलं, "बाबा, तुमचा गळा कुणी दाबला होता का?"

तात्या म्हणले, "गोठ्यात पडलो होतो."

डॉक्टर म्हणला, "पडून असं होत नाही. दोन्ही बाजूंनी दाब आलाय. आतलं मोडून वाकडं जुळलंय. आवाज आता एवढाच राहणार."

आमी बाहेर आलो. भूगावच्या थांब्यावर उभं राह्यलो. मोटारींची रांग चांदणी चौकाकडं लागलेली. मी म्हणलं, "अमोल गुडघ्यावर होता. त्याच्याखाली तुमी होता."

एक एसटी आली, आमी चढलो न्हाई, ती गेली. मंग तात्या म्हणले, "व्हय."

"कशावरनं?"

"माळ इकायचा म्हणत होता. सही कर म्हणला. मी म्हणलं, मी मेल्यावर वीक. तो म्हणला, मंग मरा."

मी इचारलं,

"मला का सांगितलं न्हाई?"

त्यांच्या घशातनं शब्द निघंना. मला कान तोंडापाशी न्यावा लागला. म्हणले, "तुझा पोरगा गेला, गोजरे. तो कसा होता, तेवढं तरी तुझ्यापाशी चांगलं राहू दे म्हणलं. सिद्धूच्या मी पाया पडलो. तो म्हणला, तुमी जावा देवळात."

सिद्धू, मी दोन दिवस जेवले न्हाई. आधी त्यांचा राग आला, मंग तुझा. तुमी दोघा बाप्यांनी माझ्या पोरावर पांघरूण घातलं आन म्हणालात, गोजराबाईला सोसायचं न्हाई. मला कुणी इचारलं? मी त्याला पोटात वाढवला. तो काय हाय ते मला त्याच्या बापाच्या आधी कळलं होतं. मला ताप चढलेला, ओढ्याला पूर, आन पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारा अमोल. बापाच्या छातीवर बसणाराही अमोलच. मी त्यातला एकच आमचा म्हणू का?

तुझ्या वकीलबाईंना आमी दोघं भेटून आलो. डॉक्टरचे कागद दिले. त्या म्हणल्या, तात्यांना पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल, आन आधी पोलिसांना खोटं का सांगितलं तेही. तात्या म्हणले, सांगतो. पोलिसांना तरी काय बोल लावणार, तुमी दोघांनीच त्यांना फिरवलंत.

आता तू लिही. कोर्टासाठी न्हाई, माझ्यासाठी. काय झालं ते मला तुझ्या हातचं पायजे. जे झालं तेच लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

गोजराबाई


येरवडा
६ ऑक्टोबर २०२४

काकी,

लिहितो.

मी मेंढरं पाण्यावर घेऊन चाललो होतो. खोलीतून आवाज आला, आधी भांडणाचा, मग नुसता पाय घासल्याचा. मी दारात आलो. कुऱ्हाड दिसली. नाही दिसली असं लिहिलं होतं ते खोटं. दिसली आणि मी ती ओलांडली.

तात्या जमिनीवर पडलेले, अमोलशेठ त्यांच्यावर बसलेले, दोन्ही हात गळ्यावर. मी ओरडलो. शर्टाला धरून मागं ओढलं. त्यांनी एका हातानं मला ढकललं, मी भिंतीवर गेलो. ते परत दोन्ही हात लावून बसले. तात्यांचे डोळे पांढरे झाले होते आणि पाय हलायचे थांबले होते. मी काठी घातली.

काकी, एक गोष्ट सांगतो, ती वकीलबाईंनाही नीट सांगता आली नाही. त्यांना मारायचं नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्या घडीला ते मरतील की जगतील याचा विचारच माझ्या मनात नव्हता. हात सुटले पाहिजेत, एवढंच होतं. खांद्यावर मारली असती तर सुटले असते का, हे मी इथं रोज विचारतो. मला अजून सांगता येत नाही.

हात सुटले. तात्यांना श्वास आला. मग मी अमोलशेठना उलटं केलं, तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. आम्ही लहानपणी त्या ओढ्यात बरोबर पोहलो होतो. त्यांना अमोलशेठ मी मोठेपणी म्हणायला लागलो. त्या दिवशी नुसतं अम्या अम्या म्हणत होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

तात्या रांगत आले आणि माझे पाय धरले. मला ते सहन झालं नाही. मी तुमचा मुलगा हिरावून घेतला होता. तुमच्यापाशी त्याची चांगली आठवण राहील एवढं तरी करावं, असं वाटलं. वाटलं, चार-दोन वर्षांत सुटेन. जन्मठेपेचं बोलायला लागले तेव्हा भीती वाटली, पण तोवर तोंडातून गेलेलं मागं घ्यायचं कसं ते कळेना.

तुम्ही म्हणता तसं तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलो.

सिद्धनाथ


लवासाच्या वरची वस्ती
२ मार्च २०२५

गोजराकाकींना नमस्कार.

घरी येऊन पंधरवडा झाला. न्यायाधीशांनी निकाल वाचला तेव्हा मला अर्धा कळला नाही. वकीलबाईंनी सांगितलं, दुसऱ्याचा जीव वाचवताना झालेलं म्हणून सोडलंय.

तात्यांच्या साक्षीचा दिवस मी विसरणार नाही. त्यांचा आवाज पोचेना म्हणून न्यायाधीशांनी पंखे बंद करायला लावले. खोटं सांगितल्याबद्दल तात्यांना साहेब कडक बोलले, ते मान खाली घालून उभे राहिले, पण एक शब्द मागं घेतला नाही. मग तुम्हाला विचारलं, "बाई, या साक्षीनं तुमच्या मुलाला मारणारा सुटेल, हे तुम्हाला कळतंय का?" तुम्ही म्हणालात, "कळतंय म्हणून तर आलेय." तेव्हा सगळे तुमच्याकडं बघत होते. तुम्ही माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

आईनं आणि बहिणीनं, समीक्षानं मेंढरं सांभाळली. समीक्षा म्हणते, आता तू बस, मी राखते, तुझी चाल मोडलीय. खरंच मोडलीय. या अर्धवट सोडलेल्या इमारतींच्या मधून फिरतो, पण दम लागतो.

काकी, तुमच्या पायावर डोकं ठेवायला यायचं आहे. कधी येऊ?

सिद्धनाथ


वाडी
१६ मार्च २०२५

सिद्धू,

पत्र मिळालं. तुला सोडला ते योग्य झालं. मला त्याची खात्री होती आन आजही हाय. कुणी इचारलं तर चावडीवर उभी राहून सांगीन.

पण पाया पडाया येऊ नको.

तात्या जगले ते तुझ्यामुळं. ते रोज माझ्यासमोर बसून जेवतात, आन त्यांच्या ताटाशेजारी अमोलची जागा मोकळी असते. दोन्ही तुझ्याच हातानं झालंय. तुझा दोष न्हाई हे मला कळतं, पण तुझा हात माझ्या पायाला लागला तर मी काय करीन, ते मला सांगता येत न्हाई. साधनानं माझ्याशी बोलणं टाकलंय. म्हणते, तुमचा मुलगा मेला होता, तुम्ही त्याचं नावही मारलंत, पोरांना शाळेत लोक विचारतात. तिचंही बरोबर हाय. मी तिला समजावत न्हाई. दर रविवारी सूसला जाते, पोरांसाठी डबा दारात ठेवते. गेल्या खेपेला धुतलेला रिकामा डबा ठेवला होता, तो घेऊन आले. चालंल.

माळ इकायचा न्हाई, असं आमी दोघांनी ठरवलंय. तार काढायला माणसं लावलीत. पाऊस लागायच्या आत रानाला खत पायजे, आन दुसऱ्याची मेंढरं तिथं बसवायला तात्या तयार न्हाईत. तवा तू तुझी आण. अंबाबाईला, समीक्षेला घेऊन ये. घरावरनं येऊ नको, ओढ्याच्या अंगानं ये. पीठमीठ तात्या आणून देतील.

मी माळावर सरपणाला येते. मी दिसले तर हाक मारू नको. वाट सोडूनही पळू नको, तुझं काम करत राहा. कधी तरी मी हाक मारीन. तेव्हा ओ दे.

गोजराबाई